पाणी पुसणारी काच

मांडीचं हाड मोडल्यापासून चिमणाबाईंनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

*

फोटोत बैल घरापेक्षा मोठा आला, तर तो बैलाचा दोष नसतो.

*

जकातीच्या दरपत्रकात आरसे होते, चष्मे होते, कंदिलाच्या काचा होत्या. डोळ्यापुढं धरल्यावर कमी दिसावं म्हणून विकत घ्यायची काच मात्र त्यात कुठंच नव्हती.

*

मेणावर लावलेलं कुंकू पुसायला गेलं की पसरतं.

*

संस्थान विलीन झालं, आण्णा झाले नाहीत.

*

हे सगळं एका विहिरीवरून घडलं. विहीर मुरगूडला, आकारामच्या मळ्यात. आकाराम हा जोतीराम इंगवल्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांची बायको लीला हिचा पाठचा भाऊ. थोडा ऊस, बैलांची एक जोडी, एक विहीर आणि आई बयाबाई एवढा त्याचा पसारा. त्याला निपाणीकडची नंदिनी नावाची मुलगी सांगून आली. मुलगी शिकलेली, माणसं मोकळी, देण्याघेण्यावरून कुणी तोंड वाकडं केलं नाही. आता अडायला काही उरलं नाही असं वाटत असतानाच अडलं. पाण्यावर अडलं.

नंदिनीच्या घरात एक रीत होती. सुपारी फुटायच्या आधी घरातल्या सगळ्यांत वडील बाईनं मुलाच्या गावी जाऊन पाणी बघायचं. मुलगा पुरुषमंडळी बघतात, घर आणि दागिने बाकीच्या बायका बघतात. वडील बाईनं एवढंच बघायचं, की आपली मुलगी पाणी कुठून आणणार, किती लांबून आणणार, आणि आणायला गेली तर तिथं ते असणार का. बघून झालं की तिनं नुसती मान हलवायची. ती हलली की सुपारी फुटली. आताची वडील बाई म्हणजे नंदिनीची आजी चिमणाबाई, आणि चिमणाबाई तर खाटेवर.

"त्यात काय," नंदिनीचे गुंडूमामा म्हणाले. गुंडूमामा निपाणीला तंबाखूच्या वखारीवर मुकादम होते, आणि गाडीत बोचकी भरावीत तसे निर्णय घेत. "घराचा, हिरीचा, पाण्याचा एक फोटू काढून पाठवा. म्हातारी फोटू बघंल, मान हलवंल. पर माघ संपायच्या आत. गडहिंग्लजचं एक स्थळ दारात उभं हाय, त्यास्नी किती दीस चहा पाजायचा?"

लीलानं नवऱ्याकडं बघितलं. आकारामला याआधी दोन ठिकाणी नकार आला होता, एकदा पत्रिकेवरून आणि एकदा उंचीवरून. तिसरा नकार विहिरीवरून आला असता, तर बयाबाईंनी विहीरच बुजवली असती.

"तुमचा कॅमेरा आल्यापासून नुसता कपाटात बसलाय," लीला म्हणाली. "त्याला म्हणावं, घरासाठी काहीतरी कर."

*

जोतीराम कोल्हापुरात सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. पूल, मोऱ्या, गोदामं. त्याच्या हातून रेघ वाकडी जात नसे, आणि हे तो स्वतः सांगत नसला तरी ऐकणाऱ्याला कळेल अशी व्यवस्था करत असे. फोटोचा नाद त्याला अलीकडं लागला होता. सिनेमाच्या स्टुडिओतला एक कॅमेरामन मद्रासला निघाला, त्यानं आपला जर्मन कॅमेरा विकला आणि सोबत एक रुंद भिंगही दिलं. साध्या भिंगातून माणूस दिसतो. या रुंद भिंगातून माणूस, त्याचं घर, शेजाऱ्याचं घर आणि सल्ला द्यायला निघालेला शेजारी एवढं सगळं एकदम दिसायचं.

हा शेवटचा म्हणजे आण्णा. ते संस्थानाच्या काळात वजनमापं तपासायचे. आता तपासायला वजनं नव्हती, म्हणून ते राजारामपुरीत जे दिसेल ते तपासायचे.

जोतीरामनं फोटो काढायच्या आधी फोटोचा नकाशा काढला. उजवीकडं घर, मधे विहीर, वर आभाळ, खाली पाणी. साध्या भिंगात एकतर घर मावत होतं नाहीतर विहीर, म्हणून रुंद भिंग ठरलं. पण रंकाळ्यावर जाऊन एक फोटो काढून बघितला, तर तळ्याच्या जागी पाणी नाही, वाळत घातलेलं धोतर आल्यासारखं दिसलं. सगळं पांढरं.

"पाण्यावरची चकाकी," जोतीरामनं निदान केलं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत त्यावर औषधही होतं. पोलरायझिंग फिल्टर नावाची एक काच भिंगापुढं लावली की पाण्यावरची चकाकी जाते आणि आभाळ गडद येतं. जोतीरामनं विचार केला, की चकाकी पाणी झाकते. तेव्हा चकाकी गेली की पाणी दिसेल. हा विचार नकाशाच्या कागदावर मांडला असता तर खात्यातल्या कुठल्याही साहेबानं त्यावर सही केली असती.

त्याच पानावर तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ही काच रुंद भिंगावर लावताना जपावं. पण बारीक अक्षर हे हाताखालच्या लोकांनी वाचायचं असतं, असा सरकारी खात्यात एक समज आहे. जोतीरामनं मुंबईला काच मागवली.

"मुंबईची काच मुंबईच्या पाण्याला," आण्णा कुंपणावरून म्हणाले. "आपलं पाणी जड आहे, जोती. मी मोजलेलं आहे."

*

काच रेल्वेनं आली. पार्सल सोडवून जोतीराम बाहेर पडला, तर दारात जकातीचं टेबल. तिथल्या कारकुनानं खोकं उघडायला लावलं. खोक्यात कापूस, कापसात डबी, डबीत मखमल, आणि मखमलीवर कड्यात बसवलेली धुरकट काच. कारकुनानं ती डोळ्याला लावली, स्टेशनाकडं बघितलं, काढली, पुन्हा बघितलं.

"ह्यातनं उलट कमी दिसतंय की वो."

"तसंच दिसायला पाहिजे."

"फुटकी हाय काय?"

"नाही. ती कॅमेऱ्याची आहे."

"मग कॅमेरा कुठाय?"

"घरी."

"म्हणजे हा सुटा भाग झाला. सुटा भाग यंत्राला बसतोय हे दाखवल्याबिगर मला सदर ठरवता येत न्हाई. आणा जावा."

जोतीराम सायकलवरून राजारामपुरीत गेला आणि कॅमेरा घेऊन परत आला. तेवढ्यात टेबलावरचा माणूस बदलला होता. नव्या कारकुनानं काचेकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्याची नजर कॅमेऱ्यावर होती.

"आता गाडीनं आला न्हवं का ह्यो? परदेशी दिसतोय. पावती?"

"हा माझा आहे. घरून आणला. ही काच याला बसते हे दाखवायला."

"सगळेच असं म्हंत्यात," कारकून शांतपणे म्हणाला. खरं तर असं आजवर कुणीच म्हटलं नसेल.

सरकारी नोकरानं दुसऱ्या सरकारी नोकरासमोर उभं राहून आपलाच कॅमेरा आपला असल्याचं शाबीत करायचं, हा प्रसंग जोतीरामच्या कुठल्याही नकाशात बसणारा नव्हता. शेवटी त्याला आण्णांना बोलवावं लागलं, आणि हे त्याला जकातीपेक्षा जड गेलं. आण्णा रुमाल बांधून, काठी घेऊन, दरबारी पोशाखाची आठवण व्हावी असे आले.

"हा कॅमेरा मी ओळखतो," ते म्हणाले. "यानं माझा फोटो काढलेला आहे."

"पुरावा?"

आण्णांनी खिशातून फोटो काढला. त्यात त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले होते. कारकुनानं फोटो बघितला, आण्णांकडं बघितलं, आणि का कुणास ठाऊक, त्याची खात्री पटली. काचेला 'चष्मे, उन्हाचे' या सदरात बसवण्यात आलं आणि ती कोल्हापुरात दाखल झाली.

*

त्या संध्याकाळी जोतीराम रंकाळ्याच्या काठावर गेला आणि काच डोळ्यापुढं धरून हळूहळू फिरवली. पाण्यावरचा पांढरा तवंग सरकला, विरला, आणि खाली तळं उघडलं. शेवाळ, मासे, दगड, कुणाची तरी एक वहाण. त्यानं काच पुन्हा फिरवली, तर तळं मिटलं.

"बघू की वो, पावणं," म्हशी धुवायला आलेला एक गडी म्हणाला. त्यानं बघितलं, मग त्याच्या भावानं बघितलं, मग रांग लागली. एकाला दिवाळीत पडलेली अंगठी हुडकायची होती. जोतीरामनं सगळ्यांना बघू दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडं असं काहीतरी होतं की ज्यासाठी लोक वाट बघत उभे होते. सल्ला आण्णांशिवाय कुणीच दिला नाही.

"पाण्यालाही काही अब्रू असते, जोती," आण्णा म्हणाले.

*

जोतीराम मुरगूडला एस.टी.तून उतरला, तर बयाबाईंनी अंगण सारवून, मोटेचं पाणी पडतं ते थारोळं घासून, बैलाची शिंगं रंगवून ठेवली होती. स्वतः ठेवणीतलं इरकल नेसून त्या विहिरीच्या काठावर उभ्या होत्या.

"जावयबापू, मी हितं बरी दिसतीया का त्या अंगाला?"

"मामी, फोटोत माणसं नकोत. फक्त घर, विहीर आणि पाणी."

"मग ह्ये लुगडं मी हिरीला दावायला नेसलीया?"

जोतीरामनं शास्त्र सांगितलं. माणूस आला की नजर माणसाकडं जाते, पाण्याकडं जात नाही. बयाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि स्वतःच्या जागी बैल आणून उभा केला. "माणूस नगं म्हणालासा, बैलाचं काय बोलला न्हाईसा." बैल राहिला.

आता काचेची एक अडचण होती. काच भिंगावर चढवली की ती बरोबर फिरली आहे का, हे या कॅमेऱ्यातून कळत नसे. म्हणून आधी डोळ्याला लावून फिरवायची, चकाकी गेली की कड्याच्या माथ्यावर खूण करायची, आणि ती खूण वर येईल अशी काच भिंगावर बसवायची. खुणेसाठी जोतीरामनं मेण आणि कुंकू मागितलं. बयाबाईंना त्यात कसलंच नवल वाटलं नाही. त्यांनी करंडा, हळद, अक्षता आणि नारळ आणला, कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि 'थांबा' म्हणायच्या आत नारळ फोडला. ते पाणी कॅमेऱ्याच्या कातडी पिशवीवर उडालं.

जोतीराम मोटेचे बैल चालतात त्या धावेवर चढला. ऊन चांगलं होतं, पाणी अगदी स्थिर. काच डोळ्याला लावून फिरवली, आणि विहीर तळापर्यंत उघडी पडली. पायऱ्या, पायऱ्यांखालच्या पायऱ्या, आणि तळाला, कधीकाळी दोर तुटून पडलेली, एका अंगावर कललेली पितळी घागर. काय पाणी आहे, जोतीराम मनात म्हणाला. त्याला पाणी दिसत होतं, कारण ते तिथं आहे हे त्याला माहीत होतं.

त्यानं खूण केली, नीट बसली का हे पुन्हा डोळ्याला लावून बघितलं, काच चढवली, आणि फोटो काढला. एकदा, दोनदा, तीनदा.

परतीच्या एस.टी.त लोक त्याच्याकडं जरा आदरानं बघत होते. एकानं खिडकीची जागा दिली. कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, "कुठल्या देवाला गेलतासा?" जोतीरामला वाटलं, चांगलं काम केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काही तेज येत असेल. घरी लीलानं आरसा पुढं केला. डाव्या पापणीवर आणि भुवईवर मेणाचं कुंकू थापलं होतं, आणि घाम पुसत गेल्यानं ते कानापर्यंत पोचलं होतं.

*

फोटो धुऊन देणारा स्टुडिओवाला जरा घुटमळला.

"साहेब, आभाळाला मधेच काळं आलंय. दोन्ही बाजूला उजेड आणि मधे झाकोळ. ब्रशनं काढू का? आणि चारी कोपरे पण काळे आहेत."

"ते शास्त्र आहे," जोतीराम म्हणाला. शास्त्र म्हणजे काय हे त्या क्षणी त्यालाही माहीत नव्हतं. "आहे तसं छापा."

प्रिंट हातात घेऊन तो बघतो तोवर आकाराम ते न्यायला दारात उभा. निपाणीची गाडी सुटायची होती. फोटो गेला.

चार दिवसांनी तो परत आला. गुंडूमामांच्या काखेत.

*

गुंडूमामांनी एक चहा घेतला. दुसरा घेतला. मग त्यांनी फोटो जमिनीवर ठेवला आणि त्यावर बोट टेकलं.

"ह्यो बैल."

"हो."

"ह्ये घर."

"हो."

"बैल घराएवढा हाय का घर बैलाएवढं हाय?"

"ते भिंगामुळं. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान."

"म्हणजे घर लांब हाय."

"नाही, जवळ आहे! घरातून हाक मारली तर विहिरीवर ऐकू येते."

"फोटूत तर लई लांब हाय," गुंडूमामा म्हणाले. "म्हातारी म्हणती, पोरगी न्हाणीसाठी घागर घेऊन निघाली तर घरी पोचस्तवर तिच्याच लेकीचं न्हाण यायचं." मग बोट वर सरकलं. "ह्ये आभाळात काय हाय?"

"गडद आभाळ."

"निम्मंच? आमच्यात म्हणत्यात, घरावर असं आलं तर गुऱ्हाळ पेटलंय न्हाईतर घर. बरं, चारी कोपऱ्याला काजळ कशाला? दिष्ट लागंल म्हणून?" आणि मग बोट खाली आलं, विहिरीवर, आणि तिथं थांबलं. गुंडूमामांचा आवाज उतरला. "जोतीराव, पाणी कुठाय?"

जोतीराम वाकला. लीलाही वाकली. आणि त्याला पहिल्यांदा ते दिसलं, म्हणजे दिसलं नाही. पायऱ्या होत्या, त्यांच्याखाली पायऱ्या होत्या, तळाला कोरड्याठक्क दगडावर घागर लवंडली होती. काठापासून तळापर्यंत थेंबसुद्धा नव्हता.

"अगं बाई," लीला म्हणाली.

"म्हातारीनं फोटू उलटा करून ठिवलाय. म्हणाली, बिनपाण्याच्या हिरीवर पोर देणार न्हाई. तळाची घागर बघून तिला रडू फुटलं."

"पण पाणी आहे, मामा. काठोकाठ आहे. या काचेनं ते..." आणि इथं जोतीरामनं ती चूक केली, जी केवळ नकाशे काढणारा माणूसच करू शकतो. त्यानं प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं.

परातीत पाणी घेऊन त्यानं ती खिडकीशी ठेवली. गुंडूमामांच्या हातात काच दिली. "बघा. फिरवा. आता पाण्यावर खिडकी दिसते?"

"दिसती."

"फिरवा अजून. आता?"

गुंडूमामांनी कडं अजून फिरवलं. "गेली. परात रिकामी झाली," ते म्हणाले. त्यांनी परातीत बोट घातलं, बोट ओलं झालं. पुन्हा काचेतून बघितलं. काच खाली ठेवली आणि जोतीरामकडं असं बघितलं, की जोतीरामला जकातीचं टेबल आठवलं.

"म्हणजे तुमच्याकडं असलेलं न्हाईसं करायची काच हाय."

"चकाकी जाते फक्त."

"त्येच की. आम्ही पोरगं बघायला आलतो, तवा ही काच कुठं हुती?"

"तेव्हा ही मुंबईत होती!"

"ह्ये तुम्ही म्हणतासा. पोराच्या तोंडावर देवीचं वण न्हाईत म्हणून आम्ही खूश झालतो. आता पुन्यांदा बघाय पायजे." ते उठले, रुमाल झटकला. "म्हातारीला समदं सांगतो. माघ संपाय आलाय, जोतीराव."

*

ते गेल्यावर जोतीरामनं बारीक अक्षर वाचलं. तिथं सगळं लिहिलेलं होतं. ही काच आभाळाचा एकच पट्टा काळा करते. साधं भिंग तेवढाच पट्टा बघतं, रुंद भिंग पलीकडचं उजळ आभाळही बघतं, मग मधे डाग पडतो. कडं जाड असलं की रुंद भिंगाच्या कोपऱ्यांत तेच दिसतं. पाणी नितळ आणि स्थिर असेल तर तळ दिसतो, पाणी नाही. माणसाचा अपमान त्याच्या घरात छापील स्वरूपात आधीपासून पडून असावा, हे त्याला फार लागलं.

संध्याकाळी तो मान खाली घालून स्टुडिओत गेला.

"थोडं पाणी काढता येईल का?" त्यानं हळूच विचारलं.

स्टुडिओवाल्याचा चेहरा उजळला. "कसलं पाहिजे? लाटांचं? कमळं घालू? जोडीला हंस?"

जोतीराम हंसापर्यंत आला होता, हे त्याच्या बाबतीत नोंदवून ठेवलं पाहिजे. पण घरी लीलानं ते ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. "एक म्हातारी खाटेवर पडून नातीसाठी पाणी बघायला मागतेय, आणि तुम्ही तिला रंगाचं दाखवणार?"

"मग काय करू?"

"काहीच करू नका. तेवढं तरी जमेल का बघा."

आण्णांचं मत असं पडलं, की विहीरच वजन करून पाठवावी.

*

पण काही करायची वेळच आली नाही. गुंडूमामांनी घरी जाऊन काचेची हकीकत सांगितली, ती सांगता सांगता वाढवली असणार, आणि चिमणाबाई खाटेवर उठून बसल्या.

"मला काचंतनं पाणी दावत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "घाला मला गाडीत."

त्या बैलगाडीनं निघाल्या नाहीत, ती हाडाला सोसली नसती. वखारीचा तंबाखूचा ट्रक निघाला. त्यात तंबाखूच्या बोचक्यांवर गाद्या, गाद्यांवर चिमणाबाई, आणि त्यांना धरून गुंडूमामा, असे सगळे शिंकत शिंकत मुरगुडात आले. अख्खं गाव मळ्यात जमलं होतं, कोल्हापुराहून जोतीराम आणि लीलाही आले होते. कुणाच्या तरी घरातून हात असलेली खुर्ची आली. चौघांनी चिमणाबाईंना खुर्चीसकट उचललं आणि विहिरीच्या काठावर आणून ठेवलं. बयाबाई पदर सावरून घराच्या दारात थांबल्या होत्या. बैल या खेपेला गोठ्यात होता.

चिमणाबाईंनी आधी घराकडं बघितलं.

"तिथनं हाक मारा," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई!" बयाबाईंनी दारातून हाक मारली. "च्या टाकू का?"

"टाका," चिमणाबाई तिथल्या तिथं म्हणाल्या, साध्या आवाजात, आणि दारातून 'बरं' असं उत्तर आलं. घर किती लांब हा प्रश्न संपला.

मग त्या खाली वाकल्या. ऊन थेट पाण्यावर होतं. काठाच्या जरा खाली विहीर अशी झगझगत होती की बघणाऱ्याचे डोळे बारीक होत होते. चिमणाबाई बघत राहिल्या. मान हलली नाही. लीलानं जोतीरामचा कोपर धरला.

"काच कुठाय?" चिमणाबाईंनी विचारलं.

जोतीराम चपापला. "आजी, ती राहू दे. तिच्यामुळंच..."

"आणलीया न्हवं? दे हिकडं."

काच त्याच्या खिशात होती, हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. त्यानं ती दिली, कशी फिरवायची ते दाखवलं. चिमणाबाईंनी ती डोळ्याला लावली आणि सुरकुतलेल्या बोटांनी कडं फिरवलं. त्या थांबल्या. पुन्हा फिरवलं.

"आता न्हाई," त्या म्हणाल्या. कडं फिरलं. "आता हाय." कडं फिरलं. "न्हाई." आणि मग, सगळं गाव काठावर उभं असताना, त्या हसायला लागल्या. आधी बारीक, मग खुर्ची हलेपर्यंत. "अगं बया! आता हाय... गेलं की गं! गुंड्या, हिकडं ये, तुझं तोंड बघू. न्हाई, तू हायसच!" त्यांनी काचेतून घर बघितलं, ऊस बघितला, आभाळ बघितलं, बयाबाईंचं इरकल बघितलं, आणि पुन्हा विहिरीवर आल्या. तळाची घागर त्यांना दिसली असावी, कारण तिथं त्यांचं हसू थांबलं. मग कडं फिरवलं आणि पाणी वर आणलं.

"पाणी हाय," त्या म्हणाल्या.

गुंडूमामांनी सुपारीसाठी खिशात हात घातला.

"पर," चिमणाबाई म्हणाल्या, आणि गुंडूमामांचा हात खिशातच राहिला. "वडील बाईचा मान असतोय. मला लुगडं नगं. ही काच मला पायजे."

सगळ्यांनी जोतीरामकडं बघितलं. जोतीरामनं काचेकडं बघितलं. मुंबईहून आलेली, जकातीतून सोडवलेली, रंकाळ्यावर रांग लावणारी. आकाराम विहिरीच्या पलीकडच्या काठावर उभा होता, नवा सदरा घालून, आणि काचेकडं नाही, विहिरीकडं नाही, जोतीरामच्या तोंडाकडं बघत होता.

"घ्या की, आजी," जोतीराम म्हणाला. "तिची डबी पण आहे. मखमलीची."

चिमणाबाईंनी मान हलवली.

सुपारी विहिरीच्या काठावरच फुटली. लग्न फाल्गुनात झालं. लग्नाचे फोटो स्टुडिओवाल्यानं काढले, साध्या भिंगानं; त्यात आण्णांचे डोळे उघडे आहेत आणि जोतीरामचे मिटलेले.

*

पहिला फोटो काढला त्या सकाळी आकाराम विहिरीत पोहत होता. पाणी हलतंय म्हणून जोतीरामनं त्याला बाहेर काढलं, आणि ते स्थिर होईपर्यंत गोठ्यामागं उभं केलं होतं.